'कोवळं ऊन' की कवडसा?

नाशिकमध्ये एका प्रदर्शनात पाहिलेला कृष्णधवल फोटो डोक्यातून जात नाही, म्हणून विचारतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्याचं माजघर. गंगेकडची, म्हणजे गोदावरीकडची खिडकी बंद, फळीला एक भोक. सहा-सात वर्षांची मुलगी तळहात पुढे करून बसलीये आणि तळहातावर उजेडाचा गोल ठिपका. बाकी काळोख. खाली मथळा 'कोवळं ऊन'. मला तो खटकला. का, ते सांगता येईना.

प्रतिसाद १

दादा, खटकणारच. कोवळं ऊन सकाळचं. पंचवटी गंगेच्या पूर्वतीरावर, म्हणजे गंगेकडची खिडकी मावळतीची. तिथून इतकं आत येतं ते दिवस कलल्यावरचंच. 'कोवळं' हा शब्द मुलीचा आहे, तो नकळत उन्हाला लावला गेलाय. कोवळी काकडी, कोवळं वय, कोवळं ऊन, सगळीकडे नुकतं उगवलेलं काहीतरी असतं.

संध्याकाळी आपण चक्क अनेकवचन वापरतो, हे कधी लक्षात आलंय? दुपारी ऊन तापतं, ऊन लागतं. पण कलतात, उतरतात ती 'उन्हं'. माझी आजी 'उन्हं उतरली, आता गंगेवर जाऊन येते' म्हणायची. 'ऊन उतरलं' असं तिच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. कृष्णधवल फोटोत सकाळ-संध्याकाळ सारखीच दिसते. फरक शब्दच करतो, म्हणून तो चुकायला नको होता.

प्रतिसाद २

मी 'तिरीप' म्हणेन. आणि फोटोचा भाव उदास वाटला.

प्रतिसाद १

ताई, तिरीप तिरकी येते, तिचा पट्टा दिसतो. इथे हवेतली रेघ दिसत नाही, ती जिथे पडली तेवढंच दिसतं. तो कवडसा. शिवाय तो गोल आहे, आणि फळीचं भोक काही गोल कोरलेलं नसणार. लहान भोकातून येणारा कवडसा भोकाचा आकार घेत नाही, सूर्याचा घेतो. खंडग्रास ग्रहणात झाडाखालचे कवडसे कोरीसारखे होतात ते यामुळेच. भोकापासून ३ मीटरवर असा कवडसा जेमतेम ३ सेंटिमीटरचा पडतो, बरोबर लहान मुलाच्या तळहातावर मावेल एवढा. तिच्या हातावर सूर्याचं चित्रच पडलंय, आणि त्या अंधाऱ्या माजघराचाच कॅमेरा झालाय! मथळ्यात 'प्रकाश' किंवा 'ऊन' लिहिलं की हे सगळं हरवतं.

उदास मात्र मला पटत नाही. हुरहूर आहे, पण ती बघणाऱ्याची. आपल्याला ठाऊक असतं की थोड्या वेळात कवडसा सरकेल, तिन्हीसांज होईल. तिला त्याचं काहीच नाही. तिची बोटं बघा, किंचित आत वळलीयेत. ती मूठ मिटायच्या बेतात आहे. मिटली की कवडसा मुठीवर येईल, आणि ती पुन्हा उघडून बघेल.