'रन' शिकवताना अर्थांची यादी द्यावी की एकच मूळ अर्थ?

सांजवारा
ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने २०११ साली 'रन'ची नोंद सुधारली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. त्याआधी हा मान 'सेट'कडे होता. १९८९च्या आवृत्तीत त्याचे ४३०. एवढा पसारा पाहून विद्यार्थ्यांच्या हाती यादी दिली जाते, आणि ती आठवडाभरात विसरली जाते. माझं मत स्पष्ट आहे: एक मूळ अर्थ पक्का करा, 'न थांबता पुढे जात राहणं'. मराठीत त्यासाठी 'धावणे' नव्हे, 'चालणे' हाताशी धरा. इंजिन चालतं, नाटक दोन वर्षं चाललं, धंदा चालतो: तिन्हीकडे इंग्रजीत 'रन'. पुढे कर्म आलं की 'चालवणे': 'शी रन्स अ शॉप', ती दुकान चालवते.

काथ्याकूट
साफ असहमत. 'चालणे' तीन उदाहरणांत बसलं म्हणून नियम होत नाही. 'हिज नोज इज रनिंग': नाक वाहतं. 'द पेंट रॅन': रंग ओघळला. 'द रोड रन्स नॉर्थ': रस्ता उत्तरेकडे जातो. धुण्यात 'द कलर्स रॅन' म्हणजे एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागला. नुसता विटला असेल तर 'फेडेड' म्हणायचं. हा फरक 'पुढे जात राहणं' यातून कुणाला उमगेल? आणि 'रन अ बाथ' म्हणजे नळ सोडून टब भरणं. तिथे 'आंघोळ चालवणे' लिहिणारा विद्यार्थी तुमच्याच नियमाने गेलेला असतो. याद्या हव्यातच, फक्त सुट्या शब्दांच्या नकोत, अख्ख्या वाक्यांच्या हव्यात.

सांजवारा
पाणी, रंग, नाक या सगळ्यांत द्रव पुढे सरकतोय, मूळ अर्थ जागच्या जागी आहे. मराठी क्रियापद बदललं म्हणून इंग्रजी अर्थ तुटत नाही. आणि ६४५ हा आकडा कोशकारांनी केलेल्या बारीक विभागणीचा आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत हेच क्रियापद फार कमी अर्थांत आटोपतं.

पदच्छेद
तुम्ही दोघंही अर्थावरच अडलात. चुका होतात त्या मुख्यतः रचनेत, आणि सगळ्यात जास्त 'रन आउट'मध्ये. कर्ता माणूस असेल तर 'ऑफ' लागतं: 'वी रॅन आउट ऑफ पेट्रोल'. कर्ता वस्तू असेल तर 'ऑफ' गळतं: 'द पेट्रोल रॅन आउट'. 'वी रॅन आउट पेट्रोल' हे चूकच. त्यात क्रिकेटचा गोंधळ वेगळा: फलंदाज धावबाद होतो ते 'ही वॉज रन आउट', कर्मणी रचना. 'ही रॅन आउट' म्हटलं की तो बाहेर पळाला.

दुसरी अडचण सर्वनामाची. 'रन अप अ बिल' म्हणजे बिल वाढवून ठेवणं. सर्वनाम आलं की ते मध्ये जातं: 'रन इट अप'. पण 'रन इन्टू', म्हणजे अचानक भेटणं किंवा धडकणं, फुटत नाही: 'रॅन इन्टू हिम' बरोबर, 'रॅन हिम इन्टू' नाही. हे कुठल्याही मूळ अर्थातून निघत नाही. जोडीला रूपं आहेतच: रन, रॅन, रन. 'हॅव रॅन' सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण इंग्रजीत 'हॅव रन'च.

काथ्याकूट
हेच म्हणतोय. 'रन डाउन' घ्या: बॅटरी उतरते, गाडी कुणाला उडवते, माणूस दुसऱ्याला नावं ठेवतो, आणि विशेषण म्हणून पडायला आलेली इमारत. चौघांना एका सूत्रात ओवायचं तर ओढाताण होते.

सांजवारा
बॅटरी आणि इमारत दोन्ही 'खाली घसरत जाणं' यात बसतात. नावं ठेवणं म्हणजे कुणाला खाली ओढणं. उरला अपघात, तोही 'खाली पाडणं'च. विद्यार्थ्याला 'डाउन'चा हा धागा दाखवला की अनोळखी वाक्यातही तो अंदाज बांधू शकतो. यादी पाठ केलेला मुलगा यादीबाहेरच्या वाक्यापाशी अडतो.

पदच्छेद
वाचायला तुमची रीत पुरेल, लिहायला नाही. लिहिण्यासाठी वहीत 'रन'चं प्रत्येक वाक्य तीन रकान्यांत मांडायला लावा: कर्ता कोण, कर्म आहे का, पुढचं अव्यय कोणतं. शेजारी मराठी क्रियापद. मग तेच वाक्य सर्वनाम घालून पुन्हा लिहायचं, म्हणजे कोणतं क्रियापद फुटतं ते तिथेच कळतं. प्रदेशाचा फरकही तिथेच नोंदवावा: निवडणुकीला उभं राहणं अमेरिकेत 'रन फॉर', ब्रिटनमध्ये बहुधा 'स्टँड फॉर'. मोज्याची वीण उसवून पडलेली रेघ अमेरिकेत 'रन', ब्रिटनमध्ये 'लॅडर'.