एबीएसची चाकं चढवली म्हणून गाडीला एबीएस येत नाही, भाऊ

व्हर्निअर_नागपूर
एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. परवा इथं एका भाऊनं लिहिलं, "माझ्या 2016 च्या साध्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलला एबीएसवाल्या गाडीचं पुढचं चाक चढवलं. 8,000 रुपयांत काम. ब्रेक एकदम एबीएससारखा लागून राहिला." खाली लोक गॅरेजचा पत्ता मागत सुटले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

त्या चाकासोबत जास्तीचं काय येतं? हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, एक दातेरी रिंग. बस. रिंगचे दाते मोजायला सेन्सर लागतो, त्याचा हिशेब ठेवायला कंट्रोल युनिट लागतं, आणि तुम्ही लिव्हर दाबून धरलेला असताना डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरचं प्रेशर क्षणभर सोडून पुन्हा धरायला मॉड्युलेटर लागतो. तुमच्या गाडीत ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधून पाइप निघतो तो सरळ कॅलिपरला. चाक लॉक झालं की झालं. रिंग नुसती फिरेल.

माझ्या भाच्यानं हाच उद्योग केला होता. नव्या हबवर डिस्कची बैठक वेगळी, त्यामुळे डिस्क दोन मिलिमीटर आत सरकली. मेकॅनिकनं वॉशर टाकून "बसवून" दिलं. मी चाक हातानं फिरवलं तर खस्स-खस्स आवाज. टॉर्च मारून पाहिलं, कॅलिपरच्या ब्रॅकेटचा रंग घासून आतली चांदी दिसत होती. मीटरची गरारी हबच्या खाचेत बसतच नव्हती, म्हणून काटा शून्यावर. पोरगा तशीच गाडी घेऊन रामटेकला जाऊन आला होता.

कामठी_रोड
ती पोस्ट माझी आहे. "एबीएससारखा" लिहिलं, "एबीएस आलं" नाही लिहिलं. जुनी रिम वाकली होती, नव्या चाकाचा भाव परवडत नव्हता. भंगारात चांगलं चाक मिळालं, घेतलं. सोबत ब्रेक ऑइल बदललं, मास्टर सिलिंडरची किट टाकली, नवा टायर टाकला. ब्रेक आधीपेक्षा चांगला लागते, हे मी रोज पाहून राहिलो. तुम्ही गाडी न पाहता निकाल देऊन मोकळे.

व्हर्निअर_नागपूर
मग ब्रेक सुधारला तो ऑइल, किट आणि टायरनं. हेच तिथं लिहायचं होतं. पत्ता मागणारे त्या रिंगसाठी मागत होते.

लेथवाला_हिंगणा
25 वर्षं लेथवर उभा आहे, म्हणून बोलतो. चाक बदलणं गुन्हा नाही. एक्सलचा व्यास, बेअरिंगची आतली गोलाई, दोन्ही बाजूंचे बुश (एक्सलवर चाक जागेवर धरणाऱ्या नळ्या), डिस्कचा व्यास आणि ती कॅलिपरच्या मधोमध येते का, एवढं मापलं तर चाक व्यवस्थित बसते. बुश मी स्वतः बनवून देतो. वॉशरवर वॉशर ठेवणारे लोक वेगळे. त्यांच्यापायी आम्ही काऊन शिव्या खायच्या?

एक मात्र सांगतो. काही गाड्यांत रिंग आणि डिस्क एकाच बोल्टनं धरलेली असते. रिंग काढून तेच बोल्ट परत मारले तर लांब पडतात, तळाला टेकतात, आणि घट्ट वाटूनही डिस्क धरत नाहीत. रिंग राहू द्या, ती कोणाचं काही खात नाही.

धरमपेठ_वकील
कायद्याचं कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येणार नाही असं स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमावाला हेच काढेल.

लेथवाला_हिंगणा
ताई, त्याच कलमात बदलाची व्याख्याही आहे ना? गाडीच्या रचनेत बदल, ज्यानं तिचं मूळ स्वरूप बदलते. त्याच कंपनीचं, त्याच मापाचं चाक टाकल्यानं कोणतं स्वरूप बदललं?

धरमपेठ_वकील
त्याच मापाचं असेल तर तुमचा मुद्दा मान्य. डिस्कचा व्यास वेगळा असेल तर नाही.

मानेवाडा_रिंगरोड
तुम्ही लोक चाकं मापत बसा. माणसं पडून राहिली ती सिमेंट रोडच्या कडेनं. सिमेंटचा थर वर, बाजूचे गट्टू (सिमेंटचे ठोकळे) चार बोटं खाली. पावसात ऑटोवाल्यानं दाबलं की टायर त्या कडेला लागते आणि गाडी आडवी. जुलैत माझा खांदा असाच निखळला. माझ्या गाडीला कंपनीचं एबीएस होतं!

कामठी_रोड
शंभर टक्के. आमच्या गल्लीत रोड इतका उचलला की आता अंगणात उतरावं लागते. पहिल्या पावसात पाणी थेट देवघरात.

बुटीबोरी_शिफ्ट
डांबर होतं तेव्हा काय सुख होतं? दर पावसाळ्यात खड्डे. मी रात्री दोनला शिफ्टवरून येतो, एका खड्ड्यात माझ्या दोन रिमा गेल्या. मला सिमेंटच पाहिजे. कडा नीट करा म्हणा, रोडला शिव्या देऊ नका.

मानेवाडा_रिंगरोड
तुमची रिम गेली, माझा खांदा गेला. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा आमच्या बहिणीकडे कमरेइतकं पाणी होतं. नाल्या उंच आणि घरं खाली, तर पाणी जाईल कुठं? तुम्ही तेव्हा बुटीबोरीत होता.

बुटीबोरी_शिफ्ट
माझी आई तेव्हा गच्चीवर बसून होती. कोण कुठं होतं ते तुम्ही मला शिकवू नका.

व्हर्निअर_नागपूर
दोघंही थांबा. रोडचं दुःख खरं आहे, मी स्वतः त्या गट्टूवर घसरलोय. पण तो मुद्दा इथंही लागतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, सरळ रेषेत गाडी सांभाळते. कडेला टायर आडवा सरकला तर ते काही करू शकत नाही. खऱ्या एबीएसची ही गत, तर नुसत्या रिंगच्या भरवशावर कोणी पावसात जोरात ब्रेक दाबला तर? भीती मला याची आहे.

आणि पूर निघालाच आहे, तर कामठी_रोड, तुमचं चाक कोणत्या गाडीचं? त्या पुरात बुडालेल्या किती गाड्या भंगारात गेल्या. वरून चाक चकाचक, आत बेअरिंगमध्ये गाळ.

कामठी_रोड
ते विचारलं नव्हतं. आज चाक काढून बोट घालून फिरवलं. डावं बेअरिंग खरखरते. बदलतो.

व्हर्निअर_नागपूर
दोन्ही बदला. आणि तुमच्या फोटोत पुढच्या मडगार्डवर "एबीएस" लिहिलेलं आहे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, हे लोकांना माहीत आहे. तुम्ही उद्या गाडी विकाल. घेणारा पोरगा ते स्टिकर वाचेल आणि खरं मानेल.

कामठी_रोड
मडगार्ड चाकासोबत आलं होतं. माझा पोरगाही तीच गाडी घेऊन कॉलेजला जातो, त्यानंही मला विचारलं होतं, "बाबा, आता एबीएस आहे ना?" मी "हो" म्हटलं होतं.

चाक काढणार नाही. स्टिकर सकाळीच काढलं. पोराला संध्याकाळी सांगतो.