फर्मवेअर अपडेटनंतर प्लेअरचा आवाज बदलला, की माझे कान?

मदत हवी आहे. म्युझिक प्लेअर चार वर्षं वापरतोय. वायरचे इअरफोन, गाणी सगळी फ्लॅकमध्ये. गेल्या आठवड्यात फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि तेव्हापासून डग्गा अंगावरच येत नाही, सगळं पातळ वाटतं. गाणी तीच, इअरफोन तेच, व्हॉल्यूमचा आकडाही तोच, ६०. जुनं फर्मवेअर परत टाकायची सोय नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. अपडेटने आवाज खरंच बदलतो का?

प्रतिसाद १:
बदलू शकतो, पण लोक सांगतात त्या कारणाने नाही. फ्लॅक लॉसलेस आहे, म्हणजे फाइल लहान करताना आवाजातलं काहीच गळत नाही. डिकोडर (फाइल उलगडणारा भाग) नवा असो वा जुना, त्यातून बाहेर पडणारे आकडे तेच असतात. 'नव्या डिकोडरने गोडवा गेला' असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या. आकडे बाहेर पडल्यावर मात्र इक्वलायझर, रिप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवणारी सोय), डॅकचा (आकड्यांचा सिग्नल करणाऱ्या चिपचा) डिजिटल फिल्टर आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) हे सगळं फर्मवेअरच्या हातात असतं, आणि अपडेटमध्ये यातलं काहीही मूळपदावर जाऊ शकतं. फिल्टरचा फरक बहुतेक २० किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, त्याने डग्गा हलत नाही. माझा संशय गेनवर. हाय होता तो लो झाला असेल, तर ६० म्हणजे आता पूर्वीचे ६० नव्हेत. आणि आवाज कमी झाला की कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय.

प्रतिसाद २:
ब्लूटूथवाल्यांनी कोडेकही (आवाज दाबून पाठवायची पद्धत) बघावा. एलडॅक हा कोडेक ९९० वरून गुपचूप ३३० केबीपीएसवर आलेला असू शकतो. धागाकर्त्याला लागू नाही, पण शोधत येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

धागाकर्ता:
गेन लोवरच होता! हाय केला, डग्गा परतला. तरी झांजा थोड्या बोथट वाटतात. फिल्टर 'स्लो रोल-ऑफ'वर (वरचे सूर हळूहळू उतरवणारा) आहे, आधी कुठला होता आठवत नाही.

प्रतिसाद १:
दुसऱ्या कुणाला तरी फिल्टर बदलायला सांगा, तुम्ही स्क्रीनकडे बघू नका. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही, अर्ध्या डेसिबलनेही जोरातलं ते चांगलं वाटतं. किमान १६ वेळा करा. १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलंत तर फरक खरा धरू.

धागाकर्ता:
१६ पैकी ९. फिल्टर आहे तसाच ठेवतो.