एव्हरेस्टचं हेलिकॉप्टर पॅकेज घ्यावं का? तिथल्या लोकांचा विरोध आहे म्हणतात

दवबिंदू:
आईचं वय ६८, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि एव्हरेस्ट जवळून बघायचं तिच्या मनात कित्येक वर्षांपासून आहे. चालत जाणं शक्यच नाही म्हणून काठमांडूहून एक दिवसाचं हेलिकॉप्टर पॅकेज बघितलं, एव्हरेस्टसमोरच्या काला पत्थर नावाच्या उंचवट्यावर उतरवतात, दहा मिनिटं फोटोला देतात आणि दुपारच्या आत परत. बुक करणारच होते, पण मग वाचलं की २०२५ च्या सुरुवातीला खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या शेर्पा भागातल्या पोरांनी हेलिकॉप्टर उतरतात त्या जागी झेंडे रोवून ठेवले होते, कोणी उतरूच नये म्हणून. एजंट म्हणतो ते लॉजवाल्यांचं धंद्याचं भांडण आहे, तुम्ही कशाला डोक्यात घेता. खरंच तेवढंच आहे का? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

पाऊलवाट:
ताई, धंद्याचा भाग आहेच, ते खोटं नाही. लुक्लाहून, जिथून पायी वाट सुरू होते तिथून, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जाऊन यायला बारा-तेरा दिवस लागतात आणि तेवढे दिवस लॉज, पोर्टर, गाईड, याकवाले सगळ्यांच्या चुली पेटतात, हेलिकॉप्टरवाला पाहुणा मात्र गावांच्या डोक्यावरून निघून जातो. पण "फक्त धंदा" हे मला अजिबात पटत नाही. शेर्पा लोकांसाठी खुंबू म्हणजे बेयुल, गुरू रिंपोचेंनी (तिबेटात बौद्ध धर्म रुजवणारे गुरू पद्मसंभव) संकटकाळासाठी राखून ठेवलेली दरी. तिथल्या नामचे गावाच्या वर खुंबिला डोंगर आहे, ५,७६१ मीटर, एव्हरेस्टपुढे कितीतरी बुटका, पण जगातले सगळ्यात पट्टीचे चढणारे त्याच्या पायथ्याशी राहतात आणि त्याच्यावर पाय ठेवत नाहीत, कारण तो खोऱ्याचा राखणदार देव.

आम्ही पांगबोचेच्या पुढे मणीची भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) उजव्या हाताला ठेवून चाललो होतो, समोरून लादलेले याक येत होते. हेलिकॉप्टर इतकं खालून आलं की पुढचा याक बुजून वळला, पाठीवरचा सिलिंडर दगडावर आपटला, आणि त्याला हाकणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी शिंगं धरून त्याच्या कानाशी काहीतरी बोलत उभी राहिली. वाट जेमतेम दोन माणसांची, पलीकडे सरळ नदी. तो सावरतोय तोवर दुसरं आलं.

काटेसावर:
एजंट हे सांगत नाहीत, काला पत्थरला हवा इतकी विरळ की पाच माणसं एकदम घेऊन तिथे उतरताच येत नाही. म्हणून फेरिचेसारख्या खालच्या जागी अर्ध्यांना उतरवतात आणि दोन खेपा करतात, म्हणजे एकाच ग्रुपसाठी दरीत कितीतरी चकरा. आणि हो, विरोध फक्त पोरांचा नव्हता, एव्हरेस्टचा परिसर ज्यात येतो त्या सागरमाथा नॅशनल पार्कनेच १ जानेवारी २०२५ पासून कमर्शियल उड्डाणं बंद असं जाहीर केलं होतं. १९७९ पासून जागतिक वारसा असलेली जागा आहे ती, कस्तुरीमृग, हिमबिबट्या राहतात तिथे.

आईंच्या तब्येतीचंही बघा, काठमांडूच्या १,४०० मीटरवरून काही तासांत साडेपाच हजारांवर नेणं ६८ व्या वर्षी साधी गोष्ट नाही.

निळू_फ:
सगळं मान्य, पण मग म्हाताऱ्या माणसांनी, अपंगांनी बघायचंच नाही का? डोंगर फक्त धडधाकट पायांचाच का? माझे वडील व्हीलचेअरवर असतात म्हणून मला हे लागतं मनाला.

पाऊलवाट:
दादा, तुमचं लागणं समजतं. पण तिथली माणसं बघू नका म्हणतच नाहीयेत, रेस्क्यूच्या हेलिकॉप्टरला कोणाचा विरोध नाही, त्यांच्याच लोकांचे जीव त्याने वाचतात. म्हणणं एवढंच की फोटोसाठी देवाच्या उंबऱ्यावर येऊन उतरू नका. ऑस्ट्रेलियात उलुरू या पवित्र मानलेल्या प्रचंड खडकावर चढू नका म्हणून तिथले मूळ रहिवासी अनांगू लोक वर्षानुवर्षं विनवत होते, २६ ऑक्टोबर २०१९ ला चढाई कायमची बंद झाली. लोक अजूनही जातात, खालून बघतात, व्हीलचेअरवरचेही बघतात.

दवबिंदू:
आईला हे सगळं वाचून दाखवलं. याकवाल्या मुलीचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली लांबून दिसेल तेवढं पुरे. पॅकेज रद्द केलंय. काठमांडूहून विमानाची माउंटन फ्लाइट असते म्हणे, ती कुठे उतरत नाही ना?

काटेसावर:
नाही, साधारण तासाभरात रांगेच्या कडेने फिरवून काठमांडूलाच परत. सकाळची पहिली घ्या, नंतर ढग येतात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हवा स्वच्छ असते. आणि आईंना खिडकीची सीट पक्की आहे ना, ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.