झाडी तोडणारच नव्हतो, मग राखण्याचे पैसे घ्यावेत का?

ओढ्याकाठचा
वडिलांकडून आलेली आठ एकर झाडी आहे. पावसानंतर तिथल्या पालापाचोळ्यात हात घातला की मनगटापर्यंत ओल लागते. शेजारचं रान तोडलेलं. त्याच पावसात तिथून लाल माती ओढ्यात उतरते आणि खालच्या लोकांना तेच पाणी प्यावं लागतं. आता झाडी राखणाऱ्याला दरवर्षी मोबदला देणारी योजना आली आहे. पण मी ती तोडणारच नव्हतो. मग पैसे घेणं मनाला पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?

पानगळ
तुमची बोच रास्त आहे. युगांडात २०११ ते २०१३ दरम्यान १२१ गावांत याची चाचणी झाली. मोबदल्याची योजना असलेल्या गावांत झाडोरा ४.२ टक्के घटला, बाकीच्या गावांत ९.१ टक्के. कारण तिथे कुऱ्हाड खरोखरच चालू होती. पैसा थोडा असेल तर आधी अशा ठिकाणी जावा.

उतारावरची
मला हे पटत नाही. म्हणजे पैसे मिळवायचे तर आधी कुऱ्हाड उगारून दाखवायची? कोस्टा रिकात १९९६च्या कायद्याने जंगल मोडून जमीन दुसऱ्या कामाला वापरायला बंदी आली आणि त्याच कायद्याने मोबदलाही आला, मुख्यतः इंधनावरच्या करातून. पाणी, कार्बन, जैवविविधता, निसर्गसौंदर्य या चार सेवांचा तो मोबदला. न्यूयॉर्क शहरानेही १९९७च्या करारानंतर शहराचं पाणी जिथून येतं त्या कॅट्सकिल डोंगरांतल्या शेतकऱ्यांना ओढ्याकाठ राखायला पैसे दिले, कारण पाणी गाळायचा प्रचंड प्रकल्प बांधण्यापेक्षा ते स्वस्त होतं. तुमच्या झाडीतून खाली स्वच्छ पाणी जातंय ना? मग दादा, घ्या. आणि हो, कोस्टा रिकात तोडलेलं रान आपोआप पुन्हा वाढू दिलं तरी मोबदला मिळतो.

बांधावरून
करार नीट वाचा. मुदत किती, पाहणी कोण करणार, वणवा लागला तर जबाबदारी कोणाची, हे सही करण्याआधी विचारा.

ओढ्याकाठचा
उतारावरच्या ताई, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. शेजाऱ्याच्या रानात बुंध्यांना बोटभर फुटवे आलेत, पण गुरं ते राहू देत नाहीत. मोबदला मिळाला तर तो गुरं आवरेल, एवढी ओळख आहे आमची. आपोआप वाढणारं रान या योजनेत बसतं का, ते उद्याच विचारतो. बसत असेल तर आधी त्याचा अर्ज भरून देतो, मग माझा.