वाढदिवसाला धीर द्यायचाय: अवसान, उमेद, हुरूप की आणखी काही?

प्रश्न, वडगाव (बेळगाव)

धाकटा भाऊ येत्या रविवारी 40 पूर्ण करतोय. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, त्याचं लेथचं (लोखंड कातायच्या यंत्राचं) छोटं वर्कशॉप आहे. गेलं वर्षभर कामं फारशी आली नाहीत, कुणाशी धड बोलत नाही. औक्षणाचा विषय काढला तर म्हणाला, "नको गं अक्का, सगळ्याचाच बेजार आलाय. उमेदीची वर्षं गेली, आता कसला वाढदिवस." मला त्याला चार ओळी लिहून द्यायच्या आहेत. भावजय कन्नड शाळेत शिकलेली, घरात दोन्ही भाषा चालतात, तीही वाचणारच. कच्चं लिहून ठेवलंय ते असं: "खचू नकोस, अवसान गोळा कर, पुढची वर्षं उमेदीची जावोत." पुन्हा वाचलं तर काहीतरी खटकतंय. शब्द बदलावेत का?

निपाणीहून

अक्का, आधी 'अवसान' काढा. मराठीत अवसान म्हणजे बळ, ऐनवेळची हिंमत. अवसान गळालं, उसनं अवसान आणलं, हे आपण सर्रास बोलतो. पण संस्कृतात अवसान म्हणजे शेवट, आणि कन्नडने तोच अर्थ घेतलाय. तिकडे अवसान म्हणजे अंत, मृत्यूसुद्धा. नवऱ्याच्या वाढदिवसाच्या कागदावर तो शब्द बघून भावजय दचकेल. हिंदी-उर्दूत 'औसान' असा शब्द आहे, भान, प्रसंगावधान अशा अर्थाचा. 'औसान खता होना' आणि आपलं 'अवसान गळणं' अगदी शेजारी बसतात. त्यामुळे मला तरी आपलं अवसान त्या औसानाच्या कुळातलं वाटतं, संस्कृतातल्या शेवटाशी त्याचा संबंध नसावा. पण कागदावर कूळ दिसत नाही, अक्षरं दिसतात.

दुसरं, 'खचू नकोस'. खचणं हा मुळात जमिनीचा, भिंतीचा, विहिरीच्या काठाचा शब्द. पावसाळ्यात मातीची भिंत आतून भिजत राहते आणि एके दिवशी बसते. वर्षभर काम नसलेल्या माणसाला हा शब्द चपखल लागू पडतो. म्हणूनच 'नकोस' बोचतं. तो खचलाय. "तुला खचल्यासारखं झालंय हे मला दिसतंय" असं लिहिलंत तर कुणीतरी आपल्याकडे नीट बघितलं असं त्याला वाटेल. 'खचू नकोस'मध्ये हुकूम तेवढा उरतो, आणि वर्षभर त्याला हुकूमच ऐकायला मिळाले असणार.

खानापूरहून

भाऊ काय म्हणाला तिकडे आधी बघूया. 'बेजार आलाय.' फारसीत बेजार म्हणजे विटलेला. प्रमाण मराठीत ते विशेषण आहे: डासांनी बेजार केलं, दाढदुखीनं बेजार झालो. म्हणजे त्रास देणारं कोणीतरी बाहेर असतं. आपल्या भागात कन्नडच्या शेजारानं ते नाम झालंय. बेजार येतो, लोक बेजार करून घेतात. कन्नड बेजारु म्हणजे कंटाळा आणि मन दुखावणं, दोन्ही एकाच शब्दात. 'बेजार माडकोबेड' म्हणजे मनाला लावून घेऊ नको. तेव्हा तुमचा भाऊ 'लोकांनी सतावलं' असं सांगत नाहीये. कशातच मन लागत नाही आणि कुठंतरी दुखावलोय, असं सांगतोय. उत्तर त्या दुखावण्याला द्यायला हवं. नुसतं 'उत्साही राहा' म्हणणं म्हणजे अर्धंच ऐकणं.

मूळची हलग्याची, आता पुण्यात

खानापूरकरांशी सहमत. इथे मी 'बेजार आलाय' म्हटलं की मैत्रिणी विचारतात, कुणी त्रास दिला? मग समजावत बसावं लागतं. ज्या घरात तो शब्द न समजावता कळतो तिथे तोच वापरा. "बेजार आलाय म्हणालास ते डोक्यातून जात नाही" अशी सुरुवात मला आवडेल.

शहापूरहून

उमेदीबद्दल थोडं लांब लिहितो, कारण भावाचं खरं दुखणं त्या शब्दात आहे.

फारसीत हा शब्द आशेचा. मराठीत त्याला वय चिकटलं. ऐन उमेदीत, उमेदीचा पोरगा, उमेदीची वर्षं: सगळीकडे तिशीच्या आतला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे चाळिशीच्या दिवशी 'पुढची वर्षं उमेदीची जावोत' म्हणजे ती आधी होती आणि संपली हे त्यानंच काढलेलं गणित आपण मान्य केल्यासारखं होतं. पण शब्दाला दुसरं अंगही आहे. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. उमेदवारी आज निवडणुकीच्या अर्जात अडकलीय, पण कुणाच्या हाताखाली शिकाऊ म्हणून राबणं यालाही मराठीत उमेदवारी करणंच म्हणतात. लेथ पुस्तकातून शिकता येत नाही. भावानं कुणाकडे तरी उमेदवारी केली असेल, यंत्रावरचा पहिला नग बिघडवला असेल, हात तेलानं काळे करून घरी आला असेल. तुम्ही ते बघितलं असेल तर तेच लिहा. "तू उमेदवारी करत होतास तेव्हाही सुरुवातीला जमत नव्हतं" या वाक्यात उमेद हा शब्द येतो आणि वयाचा हिशेब येत नाही. भावजयीलाही अडचण नाही. कन्नडमध्ये उमेदुवार आहेच, आणि आपल्या बाजूच्या कन्नडमध्ये उमेदु उत्साहाच्या अर्थानं बोलतात.

तरी एकच शब्द निवडायचा तर मी हुरूप निवडेन. कन्नडमध्ये हुरुपु, अर्थ तोच. क्रियापदं लावून बघा. धीर देता येतो, घेता येतो, धरता येतो, सुटतो. उभारी धरता येते. हुरूप मात्र नुसता येतो. "हुरूप घे" असं कुणी कुणाला म्हणत नाही. म्हणजे समोरच्याकडून काहीच न मागणारा शब्द आहे हा. शिवाय तो लहानसहान गोष्टींनी येतो: अडकलेलं बिल सुटलं, बंद मशीन चालू झालं, पोरानं चित्र काढून दिलं. ज्याची ताकद संपलीय त्याच्यावर आणखी एक काम टाकण्यापेक्षा "हुरूप येईल असं काहीतरी लवकर घडू दे" म्हणणं मला जास्त मायेचं वाटतं.

जाता जाता: 'दम धर' लिहू नका. वर्षभर दमच धरलाय त्यानं. आणि 'दम देणं' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

चिकोडीहून

शब्दांच्या बाहेरचं एक. 'जीव नको झालाय', 'मी नसलो तर बरं' अशा अंगानं तो काही बोलत असेल तर कागद बाजूला ठेवा आणि आजच जाऊन समोर बसा. सरळ विचारा, विचारल्यानं काही बिघडत नाही. सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर 14416, दिवसरात्र चालू, फोनला पैसे पडत नाहीत. मराठीत बोला नाहीतर कन्नडमध्ये. रविवारची वाट बघू नका.

वडगाव

चिकोडीकर, तसं काही कानावर आलेलं नाही, पण आज संध्याकाळी जाऊन विचारते. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

शहापूरकर, तो उमेदवारी करत होता तेव्हा दुपारचा डबा मीच नेऊन द्यायची. लोखंडाचा चुरा शर्टाला चिकटलेला असायचा, धुताना बोटाला टोचायचा. ते लिहीन. 'अवसान' आणि 'खचू नकोस' दोन्ही गेले.

एकच अडतंय. आई ओवाळताना हमखास 'शंभर वर्षांचा हो' म्हणणार. ज्याला चाळीसच जड झालीत त्याला शंभर ऐकून कसं वाटेल? आईला सांगावं का?

खानापूरहून

आईला अडवू नका. तिच्या तोंडचा शंभराचा आकडा कुणी मोजत नाही, तो मायेचा आकडा आहे. पण ती ऐकणार असेल तर 'औक्षवंत हो' सुचवून बघा. औक्ष हे आयुष्याचं बोलीतलं रूप, आणि या आशीर्वादात वर्षांचा आकडाच नाही. कन्नडमध्ये 'नूरु काल बाळु' म्हणतात. त्यातही शंभर आहेच, पण 'बाळु'मध्ये नुसतं जगणं नाही, नांदणं आहे. आपल्याकडे 'सुखानं नांद' हे लेकीला सासरी पाठवताना म्हणतात. भावाला म्हणायला काय हरकत आहे? मला तर फार आवडेल.

औक्षण नको म्हणाला तर जबरदस्ती करू नका. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता असं ताट तयार ठेवा. मन झालं तर बसेल.

आणि कागदावर पुस्तकी मराठी नको. तुम्ही घरात बोलता तसंच लिहा, वाक्याच्या शेवटच्या 'की'सकट. हा 'की' आपल्या भागाचा, कोल्हापूरपर्यंत पसरलेला. 'होईल सगळं ठीक' यात नुसता अंदाज आहे. 'होतंय की' म्हटलं की बोलणारा शेजारी येऊन बसल्यासारखा वाटतो. मी असतो तर एवढंच लिहिलं असतं:

"बेजार आलाय म्हणालास, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. वर्ष वाईट गेलं, दिसतंय की मला. डबा घेऊन यायची तेव्हा तुझ्या शर्टाला चुरा चिकटलेला असायचा, ते आठवलं. कामाचं बोलायचं असलं तर बोल, नसलं तर नुसता जेवायला ये. हुरूप यायचा तेव्हा येऊ दे, घाई नाही. मी आहे की."

भावजयीसाठी खाली कन्नडमध्ये 'नावु इद्देवे' जोडा, 'आम्ही आहोत'. तिथे अनेकवचनच ठेवा. तीही वर्षभर त्याच्यासोबत हेच सोसतेय, आणि तिला कुणी विचारलेलं नसणार.