कमी आउटपुटची कार्ट्रिज: ट्रान्सफॉर्मर की ६० डीबीचा फोनो?

राजारामपुरीकर:
रेकॉर्ड प्लेअरला डेनॉन डीएल-१०३ ही कार्ट्रिज (सुई धरून सिग्नल देणारा भाग) लावून महिना झाला. आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. माझ्या अँपच्या फोनोला (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) गेन, म्हणजे वाढ, ४० डीबी; शंभरपट. हातात येतात जेमतेम ३० मिलिव्होल्ट. नॉब तीन वाजेपर्यंत नेला तरी गाणं शेजारच्या वाड्यात लागल्यासारखं, आणि तिथवर गेलं की खरखर सुरू. मित्राचा एकास दहाचा, म्हणजे व्होल्टेज दहापट करणारा, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणून मध्ये लावला, तर नॉब दहावरच थांबला. २० डीबी फुकटात, ना वीज ना ट्रान्झिस्टर. माझं मत ठाम आहे: ६० डीबीच्या फोनोवर पैसे घालू नका, ट्रान्सफॉर्मरच घ्या.

गुजरीचा_गडी:
फुकटात? चांगल्या ट्रान्सफॉर्मरच्या पैशात दुसरी कार्ट्रिज येईल, भावा. स्वस्तात करायला गेलो त्याची गोष्ट ऐक. उद्यमनगरात मोटार वाइंडिंगवाल्याकडून दोन गुंडाळून घेतले. गडी कामाला चोख, तार एकसारखी बसवली, पण गाभ्याच्या पत्र्या साध्या आणि वर चुंबकी क्षेत्र अडवणाऱ्या म्यूमेटलचं कवच नाही. आलाप लावला, तर तंबोरा कुठला आणि विजेचा ५० हर्ट्झचा हम (घुमणारा आवाज) कुठला कळेना! त्यात फोनोतली आरआयएए दुरुस्ती (रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज परत आणणारी) खर्ज उचलूनच देते, २० हर्ट्झला मधल्या सुरांपेक्षा १९ डीबी जास्त. म्हणजे हमची चंगळच. शेवटी ६० डीबीचा फोनो घेतला, एक डबा, एक वायर कमी.

राजारामपुरीकर:
अँपच्या डोक्यावर ठेवला होतास काय?

गुजरीचा_गडी:
होय. मग कुठं ठेवणार?

राजारामपुरीकर:
झालं! अँपमधल्या ट्रान्सफॉर्मरचाच हम पकडतोय तो. हातभर लांब ने आणि जागेवरच फिरवून बघ. एका कोनात हम एकदम बसतो.

एलपीवेडा:
दोघंही गेनचा आकडाच बघताय. मला एकानं एकास चाळीसचा गळ्यात मारायला बघितला होता, "जास्त पट, जास्त आवाज" म्हणून. फोनोचा इनपुट रोध ४७ किलोओहम, तो ट्रान्सफॉर्मरच्या पटीच्या वर्गानं भागा. एकास दहाला कार्ट्रिजला ४७० ओहमचा भार दिसतो, एकास चाळीसला २९. डीएल-१०३ चा स्वतःचाच रोध ४० ओहम. निम्म्याहून जास्त सिग्नल आतच जिरतो; १२ मिलिव्होल्टच्या आशेवर पाचाच्या आसपास मिळतात, वर आवाज मलूल. डीएल-१०३ ला दहाच बरोबर.

शिवाजीपेठ_काका:
एवढा खटाटोप कशाला? मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज लावा, सुईबरोबर चुंबक हलतो ती; ४-५ मिलिव्होल्ट सरळ मिळतात. सुई झिजली तर घरीच बदलता येते. तुमच्या डीएल-१०३ सारख्या मूव्हिंग कॉइलची (तारेचं वेटोळं हलतं ती) झिजली की अख्खी कार्ट्रिज परत पाठवा.

राजारामपुरीकर:
काका, सुईचं मान्य. पण तारसप्तकातली मींड डीएल-१०३ वर ऐकल्यावर मला मागं जाववत नाही.

शिवाजीपेठ_काका:
ते तुझ्या खिशाला विचार.

गुजरीचा_गडी:
@राजारामपुरीकर, फिरवून बघितला. हम कमी झाला, गेला नाही. तरी माझा फोनोच बरा. रविवारी तो घेऊन येतो, तुझा ट्रान्सफॉर्मर तयार ठेव. आवाजाची पातळी मीटरनं सारखी करायची, नाहीतर जो मोठा वाजेल तोच भारी वाटतो. पांढरा रस्सा तुझ्याकडं.